कायमचा पत्ता

फौजदारी बाजूला वकिली करताना दोषसिद्धीनंतरची दोन मिनिटं पाठ होऊन जातात. न्यायाधीश विचारतात, शिक्षेबाबत काही म्हणायचंय का? आरोपी हात जोडतो. आपण उठून म्हणतो, पहिलाच गुन्हा आहे, घरात म्हातारे आईवडील आहेत, प्रोबेशनचा लाभ मिळावा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावं. सरकारी वकील विरोध नोंदवतात. मग कधी दंड, कधी कैद, कधी बंधपत्र. बंधपत्रावर सुटलेला अशील पाया पडायला वाकतो, राहिलेली फी दिली तर देतो, आणि पुन्हा दिसत नाही. त्याचं पुढे काय होतं हे विचारायचं वकिलाला काही कारण नसतं. पीएच.डी.साठी मी नेमकं तेच घेतलं: नाशिक जिल्ह्यात प्रोबेशनवर सुटलेल्या माणसाचं पुढे काय होतं.

कायदा लहानसा आहे. १९५८ चा अपराधी परिविक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिनियम, एकूण १९ कलमं. त्याच्याही आधी मुंबई प्रांताने १९३८ मध्ये स्वतःचा असा कायदा केला होता. कलम ३ खाली समज देऊन सोडता येतं. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. त्याच कलमाच्या पोटकलम ३ मध्ये देखरेखीचा आदेश आहे: किमान वर्षभर माणूस परिविक्षा अधिकाऱ्याच्या नजरेखाली राहील. कोर्टाच्या बोलीभाषेत या सगळ्याला सरसकट प्रोबेशनच म्हणतात. पण नुसता बॉण्ड लिहून सुटलेल्याला कोणी भेटायला येत नाही. देखरेखीचा आदेश झाला तरच पीओ, म्हणजे परिविक्षा अधिकारी, त्याच्या दारात जातात. माझ्या कामासाठी हा फरक महत्त्वाचा होता, आणि तो निकालपत्राच्या अगदी शेवटच्या परिच्छेदात लपलेला असतो.

माझ्या गाईडना इंग्लंडशी तुलना हवी होती, म्हणून सुरुवातीचे बरेच महिने वाचनात गेले. तिथे २०१४ मध्ये परिविक्षेचं काम दोन भागांत फोडलं. जास्त धोक्याची माणसं सरकारी सेवेकडे राहिली आणि बाकीची खासगी कंपन्यांकडे गेली. काही जणांची देखरेख नुसत्या फोनवर चालते, अशी टीका झाली, आणि २०२१ च्या जूनमध्ये सगळं पुन्हा एका सरकारी सेवेत आणलं गेलं. त्यावर तिथल्या अभ्यासकांनी केवढं लिहिलंय. वाचताना मला हेवा वाटायचा, की यांना भांडायला एक अख्खी यंत्रणा तरी आहे. आमच्याकडे परिविक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागात बसतात. कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांचे सामाजिक तपासणी अहवाल, बालसंगोपन योजनेच्या गृहभेटी, बालगृहांची कामं, हे सगळं त्यांच्याच टेबलावर येतं. कोर्टातून आलेला प्रौढ आरोपी त्या ढिगात सगळ्यात खाली.

खटले शोधणं हे पहिलं मोठं काम होतं. ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर खटला मूळ कलमाने नोंदलेला असतो: चोरी, मारामारी, फसवणूक. शेवटी सुटका कुठल्या कलमाने झाली, हे कळायला निकालपत्र उघडून शेवटचं पान वाचावं लागतं. मी तालुक्यातालुक्यांतल्या कोर्टांची निकालपत्रं उलटी वाचायला लागले, म्हणजे आधी आदेश, मग बाकीचं. जुन्या खटल्यांसाठी नक्कल विभागात अर्ज. ओळखीच्या शिरस्तेदारांनी चहा पाजला आणि विचारलं, ‘मॅडम, हरलेल्या केसेस कशाला गोळा करताय?’

दुसरी अडचण कायद्यानेच घातलेली. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल कलम ७ प्रमाणे गोपनीय असतो. कोर्टाला वाटलं तर त्यातला आशय आरोपीला सांगता येतो, बस्स. संशोधक म्हणून मला ते अहवाल मागताच येत नव्हते, आणि मागायला नको होते असंच माझं आजही मत आहे. त्या कागदात शेजाऱ्यांनी सांगितलेलं असतं, बायकोने रडत सांगितलेलं असतं. शिवाय अल्पवयीन मुलं मी अभ्यासातून पहिल्याच दिवशी वगळली होती. उरले तीन मार्ग: जाहीर निकालपत्रं, अधिकाऱ्यांशी बोलणं आणि स्वतः त्या माणसांना भेटणं.

विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीने संमतीपत्राचा नमुना मंजूर केला होता. दोन पानं, खाली सही किंवा अंगठा. प्रत्यक्षात तो कागद पुढे केला की समोरचा माणूस मागे सरकायचा. त्याने शेवटची सही केली होती ती कोर्टातल्या बंधपत्रावर. आता ही वकीलबाई अजून कशावर सही मागतेय? मी कमिटीकडे परत गेले आणि तोंडी संमती साक्षीदारासमोर घेण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, पण त्याआधी एका सदस्यांनी मला बराच वेळ समजावलं की सही म्हणजे त्या माणसाचंच संरक्षण. कागदावर ते बरोबर आहे.

एका परिविक्षा अधिकारी मॅडमनी मला सोबत यायला होकार दिला, अट एवढीच की घरात मी काही लिहायचं नाही. त्यांच्याबरोबरची सुरगाण्याची फेरी माझ्या प्रबंधाचा कणा झाली, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. विशीतला एक आदिवासी मुलगा. निफाड तालुक्यात द्राक्षाच्या मळ्यावर काम करताना विहिरीवरच्या मोटारीची वायर चोरली, तांबं विकलं, पकडला गेला. निफाडच्या कोर्टात दोषी ठरला, दोन वर्षांचं बंधपत्र आणि सोबत देखरेखीचा आदेश. असा आदेश मिळालेले माझ्या यादीत थोडेच होते. बंधपत्रावर पत्ता सुरगाणा तालुक्यातल्या पाड्याचा. आधारकार्डावर तोच, रेशनकार्डावर तोच.

नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव करत आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. जानेवारी सरत आलेला. भाताची कापणी, नागलीची झोडणी कधीच उरकलेली आणि पाड्यावर म्हातारी माणसं आणि शेरडं. घराला कुलूप. शेजारच्या आजींनी सांगितलं, ‘तो खाली गेलाय द्राक्षाला. पाऊस लागला म्हणजे येईल.’ खाली म्हणजे दिंडोरी, पिंपळगाव, निफाड. म्हणजे ज्या बागांमधून आमची गाडी सकाळी आली, त्यांतल्याच कुठल्यातरी. मोबाइल नंबर लावला तर मुकादमाने उचलला. तो म्हणाला, पोरगा बागेत आहे, संध्याकाळी बोला.

मॅडमनी वहीत तारीख आणि वेळ टाकली आणि पोलीस पाटलांच्या घरी गेल्या. पाटील शहाणा माणूस. मुलगा दिवाळीनंतर कुठल्या टोळीत गेला, कोणाच्या बागेत आहे, गेल्या पावसाळ्यात त्याने किती दारू प्यायली, भावाशी भांडण का झालं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. कोर्टाने देखरेख ज्यांच्याकडे दिली त्यांना घराचं कुलूप दिसलं, आणि ज्यांच्याकडे काहीच दिलं नव्हतं त्यांना सगळी माहिती. जपानमध्ये हजारो साधे नागरिक स्वयंसेवक म्हणून परिविक्षेची देखरेख करतात, हे मी वाचलेलं होतं. आमच्याकडे तसं होऊ शकतं का, असा एक प्रश्न माझ्या प्रस्तावात होता. तो मी परतीच्या वाटेवर खोडला. होतंच आहे, फक्त कोर्टाला ते माहीत नाही.

परतताना मॅडमनी एक गोष्ट सांगितली. अहवालात ‘घर बंद आढळले’ असं लिहिलं की कोर्टाला वाटतं माणूस पळाला. कलम ९ खाली वॉरंट निघू शकतं, मूळ गुन्ह्याची शिक्षाही होऊ शकते. पहिल्यांदाच चुकला असेल तर दंड लावून बंधपत्र चालू ठेवता येतं, आणि तो दंड १९५८ पासून आजपर्यंत जास्तीत जास्त पन्नास रुपयेच आहे. पन्नास रुपयांसाठी निफाडला तारखेला यायचं तर त्या मुलाची दिवसाची मजुरी जाते. म्हणून मॅडम ‘घर बंद’ लिहीत नाहीत. ‘कामानिमित्त तालुक्याबाहेर, संपर्क झाला’ असं लिहितात. आणि खरंच संध्याकाळी पुन्हा फोन करून संपर्क करतात.

कलम ४ ची एक अट मी वकील म्हणून नेहमी सहज ओलांडून जायचे. आरोपीचं किंवा त्याच्या जामीनदाराचं ठरावीक राहण्याचं ठिकाण किंवा नियमित काम, एकतर कोर्टाच्या हद्दीत हवं, नाहीतर तो बंधपत्राच्या काळात जिथे राहणार असेल तिथे हवं. ही अट वाचायला सोपी आहे. पण नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकचा हर्सूलकडचा भाग इथल्या माणसाचं वर्ष दोन ठिकाणी कापलेलं असतं. पावसाळ्यात वर, बाकी वर्ष खाली. कायद्याने ‘जिथे राहणार असेल तिथे’ असं म्हणून ठेवलंय, म्हणजे वाव आहे. बंधपत्राच्या छापील फॉर्मवर मात्र पत्त्याची एकच ओळ असते, आणि कारकून तिथे आधारकार्डावरचा पत्ता उतरवतो.

मग जामीनदार. प्रबंधाच्या मूळ आराखड्यात जामीनदार नव्हतेच, आणि खरं सांगायचं तर परिविक्षेवरच्या कुठल्याच अभ्यासात मला ते ठळक भेटले नाहीत. सातबारा, घरपट्टीची पावती किंवा रेशनकार्ड घेऊन जो माणूस कोर्टात उभा राहतो, तो पुढची दोन-तीन वर्षं त्या मुलावर कुठल्याही पीओपेक्षा जास्त लक्ष ठेवतो. कारण चुकलं तर रक्कम त्याला भरायची असते. बहुतेक ठिकाणी तो मामा असतो, चुलता असतो, बहिणीचा नवरा असतो. एक मामा मला म्हणाले, ‘पोराला मी रोज रात्री नऊला फोन करायला सांगितलंय. नाही केला तर मी मोटरसायकल काढतो.’ हे ऐकून कोणालाही वाटेल की समाजाच्या आधाराने न्याय म्हणतात तो हाच. मलाही काही आठवडे तसं वाटलं.

पण काही ठिकाणी जामीनदार मुकादम होता. टोळीतलाच पोरगा, गावाकडे कोणी उभं राहायला तयार नाही, मग मुकादमाने सातबारा आणला. त्याची किंमत तो वसूल करतो. आधारकार्ड त्याच्याकडे, हिशोब हंगामाच्या शेवटी, आणि दुसऱ्या टोळीत जायचं नाव काढलं की ‘जामीन काढून घेऊ का?’ एका तरुणाने मला सांगितलं, तुरुंगात निदान सुटायची तारीख तरी ठरलेली असते. मी त्याला तिथेच सांगितलं की त्याच्या बंधपत्राचीही तारीख ठरलेली आहे, आणि ती वाचून दाखवली. त्याला ती कोणी सांगितलीच नव्हती. संशोधकाने असा हस्तक्षेप करावा का, यावर प्रबंधात मी एक परिच्छेद लिहिला. गाईडनी तो तळटीपेत ढकलला.

शहरात चित्र वेगळं. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणारी पोरं, सिडकोत भाड्याच्या खोलीत चार-पाच जण. भाडेकरार नाही, भाडं रोखीत. इथे पत्ता असतो पण तो टिकत नाही. पीओ एकदा येऊन गेल्या आणि घरमालकाने आठवड्यात खोली रिकामी करायला लावली, असं सांगणारे मला भेटले. म्हणून मॅडम गाडी गल्लीच्या तोंडाशी लावतात आणि विचारलं तर योजनेच्या सर्वेक्षणाचं नाव सांगतात. कारखान्यात कायम व्हायचं तर पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. अधिनियमाचं कलम १२ सांगतं की प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. पण दोषसिद्धी पुसली जात नाही, ती राहतेच. कंत्राटदाराला या दोन्हींतला फरक समजावून सांगायला कोण जाणार?

वयाचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त खटकला. एकवीस वर्षांखालच्या आरोपीसाठी कलम ६ आहे. त्याला कैदेत टाकायचं तर न्यायाधीशांनी आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि कारणं नोंदवायची. हे संरक्षण चांगलं मजबूत आहे. पण वय मोजायचं ते कुठल्या दिवसाचं? रामजी मिस्सर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्ह्याच्या दिवसाचं वय धरायचं नाही, खालचं कोर्ट दोषी ठरवून निकाल देतं त्या दिवसाचं धरायचं. मग आपल्याकडचे खटले किती चालतात ते बघा. एकोणिसाव्या वर्षी पकडलेला मुलगा चोविसाव्या वर्षी दोषी ठरतो. त्याच्यासाठी बनवलेलं कलम त्याच्या हातून वाढदिवसांनी काढून घेतलेलं असतं. कलम ४ उरतं, पण तिथे अहवाल असला तर विचारात घ्यायचा, मागवलाच पाहिजे असं कलमात स्पष्ट लिहिलेलं नाही. माझ्या यादीतल्या एकवीस ओलांडलेल्यांपैकी बहुतेकांच्या निकालात अहवालाचा उल्लेखच नव्हता. दंडाधिकाऱ्यांनी वकिलाचं ते दोन मिनिटांचं भाषण ऐकून निर्णय घेतला होता. माझंही एक भाषण त्यांत सापडलं.

मी लिखाणाच्या मध्यावर असताना १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली प्रोबेशनची ३६० आणि ३६१ ही कलमं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४०१ आणि ४०२ झाली, म्हणजे प्रबंधाच्या सगळ्या प्रकरणांत क्रमांक बदलणं आलं. त्यापेक्षा मोठी गोष्ट, भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षा म्हणून पहिल्यांदाच आली. मोजक्या गुन्ह्यांना: दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, बदनामी, पाच हजारांच्या आतली पहिली चोरी, जिथे माल किंवा त्याची किंमत परत केली असेल. वकिलांच्या बाररूममध्ये थट्टा सुरू झाली, आता कुंभमेळ्याला झाडू मारायला माणसं कमी पडणार नाहीत. किती तास, कुठलं काम, हजेरी कोण घेणार, हे दोन्ही संहितांत लिहिलेलं नाही. सुरक्षा संहितेत फक्त एवढंच की काम समाजाच्या उपयोगाचं हवं आणि त्याचा मोबदला मिळणार नाही. माझी भीती हीच, की ते हजेरीपुस्तकही शेवटी त्याच परिविक्षा अधिकाऱ्यांच्या टेबलावर येईल.

प्रबंधातली मुख्य शिफारस कायदा बदलण्याची नाही. परिविक्षा अधिनियमाच्या कलम १३ मध्ये तीन प्रकारचे परिविक्षा अधिकारी आहेत: सरकारने नेमलेले, मान्यताप्राप्त संस्थेने दिलेले, आणि अपवादात्मक प्रकरणात कोर्टाला योग्य वाटेल अशी दुसरी कोणीही व्यक्ती. हा तिसरा प्रकार मला एकाही निकालपत्रात वापरलेला दिसला नाही. सहा-आठ महिने खाली असणाऱ्या मुलासाठी बागेजवळच्या शाळेतले एखादे शिक्षक का नेमू नयेत? ज्या जिल्ह्यात तो मुलगा सध्या राहतो तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांना अधिकारी बदलता येतो, हेही त्याच कलमात आहे. ज्या बोस्टनच्या जॉन ऑगस्टसपासून हे सगळं १८४१ मध्ये सुरू झालं असं मानतात, तो चपला-बूट बनवणारा कारागीर होता. कोर्टातून सोडवलेल्या माणसांना तो स्वतःच्या घरी ठेवायचा. पत्ता नसलेल्याला त्याने आपला पत्ता दिला.

व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं बोट ठेवलं. म्हणाले, ‘तुम्हीच पाचव्या प्रकरणात मुकादम दाखवलाय. उद्या योग्य व्यक्ती म्हणून तोच अर्ज घेऊन उभा राहिला तर?’ मी म्हटलं, ज्याचा त्या मुलाच्या मजुरीशी संबंध आहे त्याला नेमू नये, अशी अट आदेशातच घालता येईल. ते म्हणाले, ‘संबंध नाही हे तपासणार कोण?’ मी म्हटलं, परिविक्षा अधिकारी. हॉलमध्ये हशा पिकला, आणि तो योग्यच होता. तरी मी शिफारस मागे घेतली नाही. मुकादम आजही देखरेख करतोच आहे. फरक इतकाच पडेल, की त्याच्या जागी कोणाला बसवायचं हे कोर्ट ठरवेल.

पदवी मिळाल्यावर सुरगाण्याच्या त्या मुलाच्या बाबतीत मॅडमनी कलम ८ खाली बंधपत्राच्या अटी बदलण्याचा अर्ज करायचं ठरवलं. असा अर्ज पीओनीच करायचा असतो. संशोधन संपलेलं होतं, म्हणून मी मसुदा लिहून दिला: पत्त्याच्या रकान्यात दोन पत्ते, महिन्यांसह, आणि हंगामात भेट बागेच्या गावात. निफाडच्या कोर्टाने अर्ज दाखल करून घेतला आणि सरकार पक्षाचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवला. अटी बदलण्याआधी मुलाला आणि जामीनदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. जामीनदार मामा सध्या पिंपळगावला छाटणीच्या कामावर आहेत. त्यांची नोटीस सुरगाण्याच्या पत्त्यावर गेली आहे.